पेटी रोज हलकी होते

वकीलबाईंनी पेटी काउंटरवर ठेवली, तेव्हा काचेच्या कपाटातल्या सगळ्या काट्यांच्या सुया एकदम थरथरल्या आणि मग एकेक करून शांत झाल्या. काउंटरमागे उभ्या असलेल्या मिली, तिचे बाबा आणि काका या तिघांनी पेटीकडे पाहण्याआधी त्या सुयांकडे पाहिलं. घरच तसं होतं.

"चांगली जड आहे हो," वकीलबाई मनगट चोळत म्हणाल्या.

"चांगली म्हणजे किती?" बाबा आणि काका एकाच सुरात बोलले.

काटे-तराजू दुरुस्त करणारं घर होतं ते. पोती तोलणाऱ्या भल्यामोठ्या काट्यांपासून ते प्रयोगशाळेतल्या, श्वास लागला तरी हलणाऱ्या नाजूक तराजूंपर्यंत सगळं त्या दुकानात येई आणि सुधारून जाई. या घरात 'साधारण' हा शब्द मुलांनी काढला तर मोठी माणसं डोळे वटारत. बाकीच्या घरांत शिवी दिल्यावर वटारतात तसे.

नाजूक तराजूंचं काम फक्त आत्याआजी करायच्या. बाबांच्या आत्या. खिडकीजवळच्या टेबलाशी त्या हयातभर बसल्या आणि लग्न, प्रवास, दागिने या गोष्टींना त्यांनी फारसा वेळ दिला नाही. बाबांना मुलगी झाल्यावर तिला दुकानातल्या काट्यावर त्यांनीच तोललं, आकडा पाहून नाक मुरडलं आणि तिचं नाव ठेवलं मिलिग्राम. पुढे त्याचं मिली झालं. मिली शाळेतून आली की दप्तर फेकून आजीशेजारच्या स्टुलावर बसे. चिमटा कसा धरायचा, पारड्यावर वजन कसं उतरवायचं, सुई डोलत असताना तिचा मधला बिंदू कसा वाचायचा, हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. ती बघत बसली आणि आजीने तिला उठवलं नाही, एवढंच.

आता आत्याआजी गेल्या होत्या आणि टेबल रिकामं होतं. मिलीला तिथे बसायचं होतं. काकांना तिथे इलेक्ट्रॉनिक काट्यांचं चकचकीत कपाट लावायचं होतं. बाबा दोघांनाही "बघू" म्हणत होते.

"पेटी मिलीच्या नावे आहे," वकीलबाईंनी चष्मा लावला. "तिला अठरा पूर्ण होतील त्या दिवशी माझ्यासमोर उघडायची. त्याआधी लाखेचं सील तुटलं, तर पेटी सरळ तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेला जाईल. तुमच्या आत्याबाईंनी तसं बजावलंय."

"आत काय आहे?" मिलीने विचारलं.

"ते मलाही सांगितलं नाही. सील लावताना मला पाठ फिरवायला लावली होती."

वकीलबाई गेल्या. काका पेटीभोवती एक चक्कर मारून आले. लाकूड जुनं, पॉलिश केलेलं. कडेला पितळी बिजागऱ्या. झाकणावर लाखेचा लालभडक ठिपका.

"वाढदिवसाला अजून अवकाश आहे," काका म्हणाले. "तोवर काय नुसतं बघत बसायचं?"

"सील तोडायचं नाहीये," बाबांनी दटावलं.

"दादा, सील कोण तोडतंय? आपण काटेवाले आहोत! आत काय आहे हे कळायला आपल्याला पेटी उघडावी लागत असेल, तर दुकान बंद करून भाजी विकू. वजन करू. झालं!"

"नुसत्या वजनाने काय कळणार?" मिली बोलून गेली. "आकारमान पण लागेल. पाण्यात बुडवून तोललं, तर घनता काढता येईल. घनतेवरून धातू ओळखता येतो."

काकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत मिलीला पहिल्यांदाच आदर दिसला आणि तिची मान नकळत ताठ झाली. पुढच्या सगळ्या रामायणाला ती ताठ मान बऱ्यापैकी कारणीभूत होती.

मागच्या अंगणात पाण्याचं पिंप भरलं गेलं. वर तीन बांबूंचं तिकाटणं, तिकाटण्याला काटा, काट्याला दोर आणि दोराला पेटी.

"प्लास्टिकमध्ये गुंडाळू या," मिली म्हणाली.

"आणि प्लास्टिकमध्ये हवा अडकली म्हणजे? आकारमान चुकलं म्हणजे? उद्या लोक म्हणतील, काटेवाल्यांनी साधारण मोजलं!"

"निदान आधी कोरडं वजन तरी घेऊ या ना."

"दोर बांधून झालाय आता. पाण्यातलं आधी घेऊ, कोरडं नंतर. क्रमाने काय बिघडतं? बेरीज खालून वर केली म्हणून उत्तर बदलतं का?"

यावर काहीतरी चोख उत्तर आहे, असं मिलीला वाटत होतं. पण ते तिला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा काकांना त्याची गरज उरली नव्हती.

पेटी पाण्यात उतरली. बिजागऱ्यांपाशी बुडबुड्यांची एक नाजूक माळ वर आली.

"बाबा, बुडबुडे," मिली म्हणाली.

"जुनं लाकूड आहे, श्वास घेतंय बिचारं," काका म्हणाले. "सुई अजून सरकतेय. स्थिर होऊ दे. घाई नको."

त्यांनी अजिबात घाई केली नाही. सुई स्थिर झाली, बुडबुडे थांबले, मग पेटी वर काढून, बाहेरून टॉवेलने खसाखसा पुसून दुकानातल्या काट्यावर ठेवली आणि तिचं 'कोरडं' वजन घेतलं. मग काका धुळकट काचेवर बोटाने हिशेब मांडू लागले. पेटीतून लाकूड वजा करायचं होतं. लाकडाच्या भिंती किती जाड, हे उघडल्याशिवाय कळत नव्हतं, म्हणून काकांनी त्या सढळ हाताने धरल्या. आता लाकूड हलकं, तेव्हा जितकं लाकूड वजा करावं तितकं उरलेलं घन होत जातं. काका वजा करत गेले आणि काच भरत आली तसे त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"दादा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सोनं आहे."

आतून आई हात पुसत आली. "काहीतरीच काय भाऊजी! आत्याबाईंनी उभ्या जन्मात कानात काडी घातली नाही. सोनं कुठून येईल?"

"घातलं नाही म्हणूनच तर साठलं, वहिनी!"

आई मान हलवत आत परतली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी काकांनी पेटी पुन्हा तोलली. काम काही नव्हतं, नुसतं सुख म्हणून. आणि त्यांची किंकाळी माडीपर्यंत गेली.

"कमी झालंय!"

बाबा धावले. सुई खरोखरच कालच्या खुणेच्या अलीकडे होती. फार नाही, पण होती. दुसऱ्या कुठल्याही घरात एवढ्याशा फरकाला कुणी फरक म्हटलं नसतं.

"काटा बिघडला असेल," दारातून आई म्हणाली.

दोघे भाऊ तिच्याकडे असे वळले, जणू तिने त्यांच्या वडिलांचा अपमान केला होता. तरीही बाबांनी वजनं लावून काटा तपासला. वर तपासला, खाली तपासला, चारी कोपऱ्यांवर तपासला.

"काटा खरा आहे," ते छाती पुढे काढून म्हणाले.

"मग घरातलं कुणीतरी खोटं आहे," काका म्हणाले.

सील जागच्या जागी होतं. तेव्हा सोनं बाहेर कसं काढलं जातंय, हा प्रश्न पडला. काकांनी भिंग घेऊन पेटीची इंच इंच पाहणी केली आणि बिजागरीपाशी एक बारीक फट शोधली. कुणीतरी फटीतून तार घालून सोनं खरवडतंय, अशी त्यांची खात्री पटली. घरातल्या सगळ्यांना पांढऱ्या बशीवर हात झटकायला लावण्यात आलं.

"नखं दाखवा, वहिनी."

"बघा बघा. सापडलं सोनं तर मलाही दाखवा. इतकी वर्षं या घरात राबतेय, मला तरी कुठे दिसलं नाही."

फटीत कापूस कोंबला. तिसऱ्या दिवशी पेटी आणखी हलकी भरली.

एव्हाना काकांनी सोन्याची गोष्ट कोपऱ्यावरच्या सराफांना सांगून टाकली होती. सराफ दुकानचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा तराजू कधी बिघडत नसे, पण आता तो रोज बिघडू लागला.

"काय काटेवाले, आज किती उरलं?" ते दारातूनच विचारत. "नाही, संपायच्या आत एकदा बघितलं असतं. वारसा मिळाल्यावर उधळणारे पाहिलेत मी. मिळायच्या आत उडवणारे पहिल्यांदाच पाहतोय."

काकांच्या कानांच्या पाळ्या लाल होत. शेवटी पेटी मोठ्या काट्यावर चढवून दुकानाच्या मधोमध ठेवली गेली. सुई चोवीस तास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील, म्हणजे चोर डोळ्यांदेखत पकडला जाईल, अशी योजना. पाळ्या लागल्या. सकाळी काका, संध्याकाळी बाबा आणि परीक्षा संपवून मोकळी झालेली मिली दुपारी.

बाबा पाळीवर पेपर वाचत. काका डोळ्याला भिंग लावून सुईकडे असे बघत बसत, की सुईलाच अवघडल्यासारखं व्हावं. मिली पुढच्या वर्षाची पुस्तकं घेऊन बसे. दुपारी पत्रा तापून दुकानात घामाच्या धारा लागत, म्हणून ती शेजारी टेबलफॅन लावे. आणि सुई खाली येतच राहिली.

काकांनी एक गोष्ट हेरली. सकाळी थोडं घटतं, संध्याकाळी थोडं घटतं. पण दुपारी भसकन घटतं.

ते हे एकट्या बाबांशी बोलले असते तर निभावलं असतं. पण ते बोलले दुकानात, भर दुपारी, सराफांच्या देखत.

"दादा, मला बोलायला आवडत नाही. पण आकडा खोटं बोलत नाही. हिच्या पाळीला जेवढं जातं, तेवढं आपल्या दोघांच्या मिळून जात नाही."

मिलीच्या हातातलं पुस्तक खाली आलं. "काका, माझीच पेटी मी कशाला चोरू?"

"ते मला काय माहीत? धीर निघत नसेल. पण एक सांगून ठेवतो. ज्याच्या नजरेखाली वजन घटतं, त्याला आत्याच्या टेबलाशी बसवत नाहीत. या घरात चूक खपते, दादा, तूट खपत नाही."

"भाऊजी!" आई आतून कडाडली. "पोरीला चोर म्हणताय?"

"मी काही म्हणत नाही. काटा म्हणतोय."

मिलीने बाबांकडे पाहिलं. बाबा काट्याकडे पाहत होते. काकांच्या बोलण्याने ती चिडली होती, पण बाबा तिच्याकडे वळलेच नाहीत, ते तिला जास्त लागलं. टेबल गेलं तर गेलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण या घरात एकदा माणसाच्या हातावरचा विश्वास उडाला, की त्याला कुणी पुसायला तराजूसुद्धा देत नसे.

सराफांनी खिशातून रुमाल काढून उगाचच कपाळ पुसलं. "मी येतो उद्या," ते म्हणाले. उद्याचं काहीही चुकवायचा त्यांचा विचार नव्हता.

मिली डोळे पुसून काट्यासमोर बसली. रडू आलं होतं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. काटा खरा, हे बाबांनी तपासलं होतं. आपण खऱ्या, हे तिचं तिला ठाऊक होतं. मग दुपारी असं काय होतं, जे सकाळ-संध्याकाळी होत नाही? ऊन. ती स्वतः. पुस्तकं. पंखा.

तिने पंखा बंद केला. घामाने पुस्तकाची पानं बोटांना चिकटू लागली, पण ती हलली नाही. सुईचा वेग पार मंदावला. मग तिने पंखा लावला. सुई निघाली. बंद केला. सुई रेंगाळली. पुन्हा लावला. निघाली.

आणि मिलीला हसू फुटलं. ती इतकी हसली की आई काळजीने बाहेर आली.

"अगं, काय झालं?"

"चोर सापडला, आई! उद्या सराफांना येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सराफ वेळेआधीच आले. मिलीने बाबांना आणि काकांना समोर उभं केलं. धुतलेला टॉवेल पिळून लहान काट्याच्या पारड्यात ठेवला आणि पंखा लावला.

"हे काय?" काका म्हणाले. "टॉवेल चोर आहे?"

"सुई बघा."

सगळ्यांनी पाहिली. सुई संथपणे, लाज सोडून खाली येत होती. मिलीने पंखा बंद केला तशी ती अडखळली. लावला तशी चालू लागली. मग मिलीने मोठ्या काट्याकडे बोट केलं. पेटीची सुईही त्याच चालीने उतरत होती.

बाबांच्या ध्यानात आधी आलं. त्यांचा चेहरा उजळला आणि क्षणात पडला.

"म्हणजे?" काका म्हणाले. "सोनं वाळतंय?"

"पाणी वाळतंय, काका."

"कुठलं पाणी?"

"तुम्ही म्हणालात ना, जुनं लाकूड श्वास घेतंय, ते. हवा बाहेर गेली, पाणी आत आलं. ते आतलं पाणी धरूनच आपण कोरडं वजन घेतलं. आधी कोरडं वजन घेतलं असतं, तर पाण्यातून काढल्यावर ते वाढलेलं त्याच दिवशी कळलं असतं. बेरजेत क्रमाने बिघडत नाही. पाण्यात बिघडतं."

सराफांनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा टॉवेलकडे.

"तुमच्या घरचं पाणीसुद्धा तोलून उडतं म्हणायचं," ते म्हणाले आणि तेवढ्यावरच थांबले. त्यांच्या मानाने ते फारच थोडं होतं.

बाबा मिलीजवळ आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"मी आधी पंख्याला विचारायला हवं होतं," ते पुटपुटले. "तुला नाही."

काका मात्र वेगळ्याच विचाराने गारठले होते. "दादा, आपण आत्याच्या पेटीत पाणी घातलं. आत जे काही आहे ते बुडलं. आणि वाढदिवसापर्यंत उघडायचं नाही!"

त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. काकांनी आपल्या खोलीतला मोठा पंखा दुकानात आणून पेटीपुढे लावला आणि स्वतः रात्री वर्तमानपत्राने वारा घेत झोपले. काल ज्या सुईच्या उतरण्याने ते कासावीस होत, तिच्या प्रत्येक रेघेला आता ते "शाब्बास!" म्हणत. वजन घटलं की घरात आनंद. घटायचं थांबलं की चिंता. सराफांनी विचारलं, "आज किती गेलं?" की काका अभिमानाने आकडा सांगत. शेवटी सुई एका जागी ठरली, ती ठरलीच.

वाढदिवसाला वकीलबाई आल्या. त्यांनी सील तपासलं, मग पेटीवरच्या पांढऱ्या डागांवर बोट फिरवलं.

"ही वर्तुळं कसली?"

दोघे भाऊ ततपप करू लागले. "आम्ही जरा... मोजत होतो," काका म्हणाले.

"वाटलंच. बाई म्हणाल्या होत्या, ते उघडणार नाहीत, पण मोजल्याशिवाय राहायचे नाहीत." वकीलबाईंनी वाकून पेटी हुंगली. "पाण्यात घालतील, हे मात्र त्यांना सुचलं नव्हतं."

मिलीने सील तोडून झाकण उचललं. आत हिरव्या फेल्टच्या खोबणींत पितळी वजनं ओळीने बसली होती, मोठ्यापासून लहानापर्यंत. सगळ्यात शेवटी, कोपरा मुडपलेल्या पातळ पत्र्याचे, नखाएवढे मिलिग्राम. मोठ्या वजनांवर मात्र काळसर-हिरवे डाग उमटले होते. काही तर देवी आल्यासारखी दिसत होती.

"पितळ," काका म्हणाले. त्या एका शब्दात, सोन्याच्या भरवशावर त्यांनी मनात उभारलेलं अख्खं चकचकीत कपाट कोसळलं.

बाबा मात्र खुर्चीत बसले. "ही तिची प्रमाण वजनं आहेत. दुकानातलं प्रत्येक वजन यांच्यावरून खरं केलेलं. आम्हा दोघांना तिने कधी हात लावू दिला नाही." त्यांनी वर पाहिलं. "हिला दिली."

"त्या एवढंच म्हणाल्या होत्या," वकीलबाई म्हणाल्या, "ही पेटी ज्याच्याकडे, त्याचा शब्द या दुकानात शेवटचा."

मिलीने चिमट्याने एक वजन उचलून उजेडात धरलं. आजीने इतकी वर्षं श्वास रोखून सांभाळलेली ती चकाकी पार उतरली होती. तिचे डोळे भरून आले, पण हात हलला नाही. "ही आता खरी राहिली नाहीत," ती हळूच म्हणाली. "डागाचंही वजन असतं. एकेक साफ करून, पुन्हा तोलून, नव्याने खरं करावं लागेल. महिने जातील."

बाबांनी आपली बोटं पाहिली. ती हल्ली थरथरत. काकांनी आपली पाहिली. ती पोत्यांच्या काट्यांवर घडलेली होती. या घराची प्रमाण वजनं खोटी आहेत, ही गोष्ट दोघांच्याही घशाखाली उतरत नव्हती. ती खरी करू शकणारा एकच हात घरात होता, आणि त्यात आता चिमटा होता.

काका पुढे झाले. त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर स्वतःच रचलेले नव्या काट्यांचे खोके उचलले, टेबल पुसलं, पुन्हा पुसलं आणि स्टूल पुढे ओढलं.

"बस," ते म्हणाले. "आणि कुणी मध्ये बोललं तर मला सांग."

पुढच्या आठवड्यात सराफ आले तेव्हा मिली टेबलाशी होती आणि काका काउंटरवर. या वेळी काकांनी त्यांना बोलूच दिलं नाही.

"या, बसा! आमच्याकडची चोरी कळली ना? अहो, पाण्याची चोरी! जगात कुणाच्या घरी, वाऱ्याने नेलेलं पाणी कमी झालं म्हणून समजतं? तुमच्या पेढीतून अख्खी बांगडी गेली तरी तुम्हाला महिन्याने कळेल. आणि इथे? एका दुपारी चाळीस ग्रॅम गेले, ते आमच्या पोरीने—"

"बावीस," टेबलाशी वाकलेली मिली मान वर न करता म्हणाली.

काकांचं तोंड उघडंच राहिलं. सराफ कान टवकारून बसले. इतक्या वर्षांत काकांनी सांगितलेला आकडा कुणी खाली आणल्याचं आणि ते गप्प बसल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बावीस," काका म्हणाले आणि त्यांची छाती आणखी दोन बोटं पुढे आली. "ऐकलंत? बावीस म्हणजे बावीस."